फोन जोडले त्या सकाळी

“आणखी किती वेळ?” ग्लेनिसने पुन्हा विचारलं.

“झालंच बघा,” टेबलाखालून डियॉन म्हणाला. तो ब्रिस्बेनहून फोन जोडायला आला होता आणि त्याचं ‘झालंच’ सकाळपासून चाललं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावच्या त्या पंप दुरुस्तीच्या कंपनीत आजवर कुणाचाही फोन आला की तो ग्लेनिसच्या टेबलावर वाजायचा. आजपासून इंटरनेटवरचे नवे फोन आणि ऑफिसचं निरोपांचं ॲप एकमेकांना जोडायचं ठरलं होतं. फोन कुणी उचलला नाही, तर समोरच्याचं बोलणं आपोआप लिहून निघणार आणि थेट सगळ्यांच्या गटात पडणार. ऑफिसचा आणि वर्कशॉपचा असे दोन गट होते, तेही एक झाले. “आता कुणाचा निरोप हुकणार नाही,” असं मालक वॉरन मोठ्या हौसेने सांगत फिरत होता. तूर्तास मात्र सगळे फोन बंद होते आणि नेमक्या याच वेळी डेसचा फोन यायचा होता.

डेस म्हणजे तिचा नवरा. त्याच्या फुफ्फुसावर डाग दिसला होता. तुकडा काढून तपासायला दिला होता आणि कॅन्सर आहे की नाही, ते डॉक्टर आज सांगणार होते. ती सोबत निघाली, तर हा अडून बसला. “तू आलीस तर माझे पाय लटपटतील. तू कामाला जा, मला हॉस्पिटलची गाडी नेते ना.” गेले तीन महिने तो त्याच गाडीने जात होता. त्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी ग्लेनिस दर खेपेला घरचा केकही देत असे. डेस मोबाईलला हात लावत नसे. कळलं की तिच्या टेबलावर फोन करीन, एवढं तो म्हणाला होता.

ऑफिसात तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. लोकांनी मान तिरकी करून ‘कशी आहेस गं?’ विचारलेलं तिला सोसलं नसतं.

तिने आपल्या मोबाईलवरून हॉस्पिटलला फोन लावला. पेशंटची माहिती फोनवर देता येत नाही, असं तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं. ग्लेनिसने मोबाईल टेबलावर आपटला. सगळा राग कुणावर तरी काढायला हवा होता आणि त्यासाठी लॉइडइतका सोयीचा माणूस नव्हता. लॉइड वर्कशॉपचा मुख्य. शेतात ऊस तहानलेला, काउंटरवर शेतकरी ताटकळलेले आणि हा गृहस्थ आजही जागेवर नाही.

“चिल्डर्स गावाला पंप बघायला गेलाय,” वॉरन म्हणाला.

“पुन्हा चिल्डर्स? तिथे बाई ठेवलीय की काय त्याने?”

“पंप जुना आहे गं तिथला,” वॉरन खिडकीबाहेर बघत म्हणाला.

इतक्यात सगळ्या फोनांचे पडदे एकदम उजळले. “लागले!” डियॉन टेबलाखालून ओरडला आणि त्याचं डोकं आपटलं.

ग्लेनिसने घाईघाईने गट उघडला. फोन बंद असताना आलेला एकच निरोप होता. वर नाव होतं लॉइडचं, त्याच्या मोबाईलवरून. उशीर होणार असेल, दुसरं काय! तिने तो उघडलाही नाही. डेसचं नाव कुठेच नव्हतं. डेसने फोन केला नाही, म्हणजे सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

तेवढ्यात वर्कशॉपमध्ये एकच गलका झाला. कुणी पिंपावर पाना बडवत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं. ग्लेनिस ताडकन उठून दारात गेली.

“फोन लागले म्हणून एवढा तमाशा? लाज वाटते का कुणाला? इथे माझा जीव...”

वेल्डिंग करणारी शेरिल डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवत पुढे आली.

“ग्लेनिस, तू लॉइडचा निरोप वाचला नाहीस?”

“त्याला उशीर झाला तर मी काय करू?”

“वाच गं बाई आधी.”

शेरिलने स्वतःचा मोबाईल तिच्यासमोर धरला. नाव लॉइडचंच होतं. पण बोलणं त्याचं नव्हतं.

‘ग्लेन, मी बोलतोय. तू उचलत नाहीस, इथे कुठलीतरी यंत्रातली बाई बोलतेय, तर तिलाच सांगतो. कॅन्सर नाही. जुन्या न्यूमोनियाचा व्रण आहे म्हणे. ऐकलंस का? कॅन्सर नाही. हा लॉइड माझ्या शेजारी लहान पोरासारखा रडतोय. आता गाडी कोण चालवणार?’

ग्लेनिस तिथल्याच एका खोक्यावर मटकन बसली. रडू आणि हसू एकदमच आलं, तिने दोन्ही येऊ दिलं. तीन महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून घेतला होता. म्हणजे हॉस्पिटलची गाडी ती ही! आणि तिचा केक खाऊन वर तिचीच बोलणी खाणारा ड्रायव्हर तो हा! त्या माणसाला ती काय काय बोलली होती!

तिने नाक पुसलं आणि सगळ्यांकडे बघितलं.

“घ्या, कळलं तुम्हालाही. मी सांगणारच होते कधीतरी.”

“अगं, आम्हाला काय कल्पना!” वॉरन म्हणाला. “आम्ही तर थक्कच झालो.” बाकीच्यांनीही जोरजोरात माना हलवल्या.

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. लॉइडने लिहिलं होतं. दोन्ही गट एक झाल्याचं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

‘वर्कशॉपची मंडळी, डेस सुटला! पण तोंडं सांभाळा. आपल्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे ग्लेनिसला मरेपर्यंत कळता कामा नये.’