पायाळूच्या तीन लाथा

“हात लावू नकोस. वारासुद्धा घालू नकोस,” गुणाजी म्हणाला. तो चटईवर पालथा पडला होता आणि त्याच्या अंगात हलण्यासारखे फक्त ओठ उरले होते.

कांताने पंखा खाली ठेवला. नवऱ्याला बोलून तरी काय उपयोग होता? शनिवारी वडाळ्याला पुतण्याचं लग्न झालं, तिथे वरातीपुढे हा नाचला. रविवारी तर महाराष्ट्रच झाला, मुंबईसकट. मग काय विचारता. लालबागपासून दादरपर्यंत गुणाजीने पथकापुढे अशी लेझीम घुमवली की तिच्या चकत्या तापून लाल झाल्या आणि भोईवाड्याच्या नाक्यावर एका बाईने त्यांच्यावर पापड भाजून घेतला. तो पापड खाल्लेली माणसं अजून आहेत. सोमवारी सकाळी गुणाजी तांब्या उचलायला वाकला आणि पाठीत उसण भरली. वाकला तो वाकलाच. मायलेकींनी मिळून त्याला चटईवर उतरवला.

खोबरेल झालं, बाम झाला, सुंठेचा लेप झाला. उसण जागची हलेना.

“ही अशी जायची नाही, बाबा,” बकुळा म्हणाली. ही गुणाजीची एकुलती लेक. “पायाळूच्या तीन लाथा बसायला हव्यात. जन्मताना पायांकडून आलेलं माणूस पाहिजे. आपल्या चाळीत एकच आहे म्हणतात.”

“कोण?”

“जयवंत.”

गुणाजीचे ओठही हलायचे थांबले.

जयवंत गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. गिरणीत साच्यावर कापड विणायचा, एकटा होता, आणि चार वर्षांपूर्वी त्याने फार मोठा गुन्हा केला होता. छप्पन साली मोर्चाची तयारी चालली असताना चाळीच्या भर चौकात तो म्हणाला होता, “काका, ताल आमचा नाही, तुमचा चुकतोय.” पथकाच्या म्होरक्याला! गुणाजीने तिथल्या तिथे शपथ घेतली, की ह्याचा पाय माझ्या उंबऱ्याच्या आत पडला तर मी गुणाजी नाव लावणार नाही. साठ बिऱ्हाडांनी ती ऐकली. तेव्हापासून जयवंत आणि बकुळा गॅलरीच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे नुसते बघत होते. आणि आता कांताच्या भावाने प्रभादेवीचं एक स्थळ आणलं होतं. गुरुवारी ते लोक मुलगी बघायला येणार होते.

“शपथेचं काय?” गुणाजीने जमिनीला विचारलं.

“मग तुम्हाला गॅलरीत नेऊन निजवू,” कांता म्हणाली. “तो बाहेरच्या बाहेर लाथा घालील. उंबरा शाबूत.”

“सगळ्या चाळीदेखत?”

“शेजारच्या चंपाकाकू स्टूल घेऊन बसल्यासुद्धा आहेत.”

गुणाजीने बराच विचार केला. मग म्हणाला, “बोलाव आत. आणि दार ओढून घे.”

जयवंत आला. उंबऱ्याशी थबकला, बकुळाकडे बघितलं, आत आला. पाठीजवळ उभा राहिला आणि त्याचे गुडघे कापायला लागले.

“काका, मी… तुम्हाला लाथ कशी घालू?”

“चौकात अक्कल शिकवताना कापले नव्हते ते पाय,” गुणाजी म्हणाला. “घाल, मेल्या. डाव्या पायाने. आणि ताल सांभाळून.”

पहिली लाथ म्हणजे माशी बसल्यासारखी होती. दुसरीने पाठीवरची धूळ उडाली. तिसरीला मात्र चार वर्षांचा जोर होता. असा आवाज झाला की तळमजल्यावरच्या वाण्याला वाटलं, कोणी नारळ फोडला. तो प्रसादाला वर यायला निघाला.

 मग गुणाजीने तळवे टेकले, गुडघे ओढले आणि तो उठून उभा राहिला. सरळ, खांबासारखा. त्याने स्वतः दार उघडलं. बाहेर अर्धी चाळ उभी होती.

“गेली उसण,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “आणि ऐका. हा पोरगा उद्या गावभर सांगत सुटेल, मी गुणाजीला लाथा घातल्या म्हणून. त्यापेक्षा ह्याला घरातलाच करून टाकलेला बरा. कांता, भावाला निरोप धाड. प्रभादेवीच्या लोकांना म्हणावं, त्रास घेऊ नका.”

चंपाकाकू स्टुलावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी अख्ख्या गॅलरीला साखर वाटली, तीही बकुळाच्याच घरची. जयवंत पायरी नसलेल्या ठिकाणी दोनदा अडखळला. बकुळा मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, पण ते तसंच लाल राहिलं.

दुपारी सगळे पांगले. गुणाजीने कांताला दाराची कडी लावायला सांगितली.

“लावली,” ती म्हणाली.

“आता मला धर. हळूच खाली उतरव. जीव चाललाय माझा.”

कांताने त्याला इंचाइंचाने चटईवर पालथा केला. तव्यावर खडेमीठ भाजलं, फडक्यात बांधलं आणि पाठ शेकायला बसली. तिला राहवेना.

“बरी झाली होती ना?”

“लाथेनं कुठं बरी होते?”

“म्हणजे…” तिचा हात थांबला. “रागावू नका. तो पायाळू नाहीच हो. मी आणि बकुळानं ठरवून सांगितलं तुम्हाला.”

“मला काय सांगतेस? तू तेव्हा गावी होतीस. त्याच्या आईला कळा लागल्या तेव्हा सुईण आणायला मीच धावलो होतो. सरळ डोक्याकडून आला तो.”

“मग लाथा का खाल्ल्यात?”

“चार वर्षं ती शपथ मोडायला निमित्त शोधतोय,” गुणाजी उशीत तोंड खुपसून म्हणाला. “एक म्हणून सापडेना. शेवटी पाठीलाच माझी दया आली.”