अनसूया

पूजेचा नारळ माझ्या हातातून काढून घेत खांबेटे साहेब म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही बाहेर जा. बोगदा आरपार होताना बाईमाणूस आत नको. अपशकुन होतो."

नदीखालून पलीकडच्या काठापर्यंत हा बोगदा खणणारं मशीन वर्षभर मीच चालवलं होतं. छतातून पाणी घुसलं त्या दिवशी साहेब धावत वर गेले, आणि मी कामगारांबरोबर खाली थांबून गळती बुजवली. तेव्हा नाही आठवला कुणाला अपशकुन! आणि आज शेवटची भिंत फुटायची, फोटो निघायचे, तर मी बाहेर?

"मनावर घेऊ नका हो," साहेब हसले. "या कामगारांची श्रद्धा असते."

कामगार एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

मी मशीनकडे पाहिलं. केबिनच्या दारावर झेंडूचा हार घातला होता. त्याखाली साहेबांनी मोठ्या हौसेनं रंगवून घेतलेलं नाव होतं, त्यांच्या आईचं. अनसूया.

"जाते ना," मी म्हटलं. "आधी तुमच्या आईला बाहेर काढा."