शेवटच्या फेरीचं समालोचन

शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि समालोचकाने डोळे मिटून घेतले. ही त्याची जुनी खोड. कित्येक वर्षं तो संगीतावर लिहीत होता आणि मैफल रंगात आली की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. आता खिडकीखालून धावणारी पावलं ऐकू येत होती. पुढची पावलं जड झालेली, ती लाल जर्सीवालीची. तिच्या बऱ्याच मागे हलकी, एका लयीतली पावलं. ती कोणाची हे बघायची त्याला गरज नव्हती. ती भिंगरी होती, त्याची मुलगी.

त्याने डोळे उघडले. दुपारचं ऊन मैदानावर सायीसारखं पसरलं होतं. गॅलरीत मोजकी माणसं, तीही पेंगुळलेली.

भिंगरी हे घरातलं नाव. पाळण्यातून उतरली ती पळतच. पण तिच्या शर्यती संध्याकाळी आणि याच्या मैफलीही संध्याकाळीच. तो यायचा, पहिली फेरी बघायचा, हात हलवायचा आणि हळूच सटकायचा. ‘पोरीने तुमच्या तोंडापेक्षा तुमची पाठच जास्त पाहिलीय,’ बायको म्हणायची. त्याला ते झोंबायचं, तरी तो जायचाच. होता होता भिंगरी त्याच्याशी ‘हं’ आणि ‘बरं’ एवढ्यावर भागवू लागली. मग मात्र त्याचं धाबं दणाणलं. लिहिणं सोडून त्याने रेडिओवर खेळांच्या समालोचनाची नोकरी धरली. मित्र म्हणाले, याचं डोकं फिरलंय. पहिल्याच महिन्यात एक कुस्ती ‘विलंबित चाललीय’ असं तो बोलून गेला आणि स्टुडिओत हशा पिकला. त्याने मनावर घेतलं नाही. पोरगी परत मिळणार असेल, तर हसं झालेलं चालणार होतं.

आज संघनिवडीची शर्यत होती. पहिली येईल तीच संघात. त्याचं बोलणं रेडिओवर जायचं, तसंच मैदानातल्या कर्ण्यांवरही घुमायचं आणि धावणाऱ्यांच्या कानांवर पडायचं. तिथेच तर सगळी गोम होती. लाल जर्सीवाली मागे वळून बघत नव्हती. आपल्याच तंद्रीत पळत होती. ‘अकरा नंबर मागून येतेय,’ एवढं तो भिंगरीबद्दल बोलला असता, तर ती सावध होऊन उरलासुरला जोर लावणार होती. न बोलावं, तर खाल्ल्या मिठाशी बेइमानी.

तो गप्प राहिला. शेजारच्या तंत्रज्ञाने कोपराने ढोसलं.

“अहो साहेब, माइक चालू आहे. बोला की!”

त्याने माइक बंद केला.

कर्ण्यांची घरघरही थांबली आणि मैदान एकाएकी शांत झालं. इतकं शांत, की सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटावं. भिंगरीने मान वर करून गॅलरीच्या माथ्यावरच्या त्याच्या खोलीकडे पाहिलं. काचेवर ऊन चमकत होतं, तिला काहीच दिसलं नसणार. आणि मग ती सुटली. वळणावर अंतर निम्मं झालं, सरळ पट्टीत उरलंच नाही. लाल जर्सीवाली दचकली तोवर भिंगरी रेषेपलीकडे गेली होती.

त्याला भरून आलं. नोकरी गेली तर गेली. पोरीसाठी आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी केलं होतं.

रेषेवर पंच अभिनंदनासाठी हात पुढे करून उभे होते. भिंगरी थांबलीच नाही. तशीच पळत गॅलरीचा जिना चढली आणि धापा टाकत त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

“जिंकलीस गं!” तो म्हणाला.

ती चौकटीला धरून त्याच्याकडे बघतच राहिली.

“बाबा, तुम्ही इथेच आहात?” ती म्हणाली. “आवाज बंद झाला, मला वाटलं, निघालात उठून. म्हणून तर सुटले. म्हटलं, आज तरी गेटबाहेर पडायच्या आत गाठावं तुम्हाला.”