करंगळीची खाच
सगळं स्वतःच्या हातांनी बनवायचं, हा वेशभूषा स्पर्धेचा नियम. तिने प्लास्टिकचा पाइप कापून ब्लास्टर बंदुकीची नळी केली, मागे बिघडलेला हेअर ड्रायर चिकटवला, चंदेरी रंग मारला. लाकडी मूठ मात्र काही केल्या जमेना. शेवटी सुतारकाम करणाऱ्या बाबांनी ती स्वतःच्या मुठीच्या मापाने कोरून दिली. परग्रहावरच्या सैनिकाच्या वेशात ती मंचावर आली. परीक्षकांनी ब्लास्टर हातात धरून पाहिला. “मूठही तूच केलीस?” “मीच,” ती बोलून गेली. “करंगळीसाठी खाच का नाही?” तिने मुठीकडे पाहिलं. बाबांच्या उजव्या हाताची करंगळी फार वर्षांपूर्वी करवतीच्या मशीनमध्ये गेली होती. “आमच्या ग्रहावर करंगळी नसतेच कुणाला!” ती रेटून म्हणाली. हशा पिकला, टाळ्या पडल्या. मान खाली घालण्याआधी तिला दिसलं, पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला उठलेल्या बाबांनी उजवा हात पटकन खिशात घातला.