ओढलेली दोरी

टोकाच्या टार्गेटमागे काहीतरी पांढरं हललं. शिबिरात धनुष्यबाण शिकवणाऱ्या ताईने डोळे बारीक केले. पाखरू नव्हतं, कागदही नव्हता. शर्टाची बाही होती.

तिने लागोपाठ शिट्ट्या फुंकल्या. अशा शिट्ट्या म्हणजे जिथे आहात तिथे थांबा, हे शिबिरातल्या मुलांना पहिल्या दिवसापासून तोंडपाठ होतं. रेघेवरच्या आठांपैकी सात धनुष्यं झटकन खाली आली. आठवं आलं नाही. टोकाला उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलीने दोरी हनुवटीपर्यंत ओढली होती, ती तशीच. एक डोळा मिटलेला, बाण रोखलेला, आणि वीस पावलांवर ती बाही.

कडेला खुर्च्यांवर आईबाप बसले होते. त्यांच्यातून कोणीतरी ओरडलं, "अगं, थांब!"

"कोणी बोलू नका," ताई म्हणाली.

दचकलेल्या मुलाची आधी बोटं उघडतात, हे तिला ठाऊक होतं. पायांना धावायचं होतं, तिने धावू दिलं नाही. चालत मुलीच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"माझं ऐकू येतंय?"

"हं."

"सोडायचा नाही. बोटं वाकलेलीच ठेव. आता धनुष्य खाली, पायापुढच्या गवताकडे. हां. आता दोरीचा हात हळूहळू पुढे जाऊ दे. दोरी ओढेल तुला, ओढू दे. घाई नाही."

मुलीचा दंड लटपटत होता. दोरी बोटभर सरकली, थांबली, पुन्हा सरकली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. शेवटी दोरी सैल पडली. ताईने बाण काढून घेतला.

टार्गेटच्या गवती गादीमागून एक माणूस उठला. हातात मोबाईल. मुलीचे वडील.

"का थांबवलंत, मॅडम? काय झकास फोटो मिळत होते! समोरून कोणी काढतच नाही."

मैदानाच्या बाजूला लावलेली जाळी उचलून ते आत शिरले होते. गुडघे झटकत, हसत ते रेघेकडे आले. ताईचा चेहरा पाहून म्हणाले, "अहो, माझी पोर आहे ती. तिचा नेम मला माहीत नाही?"

खुर्च्यांतून एकदोघं हसले. शिबिरप्रमुख लगबगीने पुढे आले आणि ताईच्या कानाशी लागले. "कोणाला काही झालं नाही ना? मग राईचा पर्वत नको. चालू करा, लोक ताटकळलेत."

ताईला वाटलं, करावं चालू. एक शिट्टी, की सगळं झाकलं जाईल. हातातला बाण तिने दोनदा उलटासुलटा केला. मग खुर्च्यांकडे वळली.

"शिट्टी द्यायच्या आधी मी रोज टार्गेटांच्या मागे जाऊन बघते. आज तुम्ही सगळे खोळंबला होतात, म्हणून इथूनच बघितलं. ती चूक माझी." मग मुलीच्या वडिलांकडे पाहून म्हणाली, "जाळी उचललीत, ती तुमची."

"अहो, हे सगळ्यांसमोर कशाला?" प्रमुख पुटपुटले.

"घडलं ते सगळ्यांसमोरच."

आता कोणी हसलं नाही. एक आई उठली, तिने आपल्या मुलाच्या हातातलं धनुष्य काढून खुर्चीवर ठेवलं आणि त्याला घेऊन चालती झाली. प्रमुख त्यांच्या मागे धावले.

मुलगी रेघेवरच फतकल मारून बसली होती. ताई तिच्या शेजारी बसली.

"ताई, शिट्टी मला ऐकू आली होती."

"मग?"

"म्हटलं, एवढा एक मारावा आणि मग थांबावं." ती नखाने गवत उपटत राहिली. "बाबांना सांगू नका."

'शहाणी गं माझी' असं काहीतरी ताईच्या ओठांवर आलं होतं, ते तिथेच राहिलं. तिने नुसता मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

चार पावलांवर वडील शेजारच्या गृहस्थांना फोटो दाखवत होते. "बघा, काय रुबाब आहे!" लेकीचा चेहरा नीट दिसावा म्हणून त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहरा पडद्याबाहेर सरकला आणि मधोमध बाणाचं टोक आलं. नेमकं त्यांच्याकडे रोखलेलं. ते अजून मोठं झालं. वडील बोलता बोलता थांबले. मोबाईल खिशात घालायला त्यांना तीनदा खिसा शोधावा लागला. मग ते खुर्चीवर जाऊन बसले, हात मांड्यांखाली दाबून.

अर्ध्या तासाने ताईने जाळी घट्ट बांधली, प्रत्येक गादीमागे वाकून पाहिलं आणि मुलांना रेघेवर बोलावलं. सात जणं आली. त्यांत ती मुलगीही होती. ती आपल्या जागी उभी राहिली, बाण दोरीला लावला. शिट्टी झाली. सहा दोऱ्या ताणल्या गेल्या, सहा बाण सुटले. तिने दोरी ओढलीच नाही.

ताई तिच्याजवळ आली. "नाही मारला तरी चालेल गं."

"मारायचाय." ती समोरच बघत होती. "मागे कोणी आहे?"

"कोणी नाही. आत्ताच बघून आले."

"पुन्हा बघून या."

ताईने सगळ्यांना धनुष्यं खाली ठेवायला लावली आणि मैदान ओलांडून पुन्हा टार्गेटांकडे चालू लागली.