लस टोचलेला हरभरा

हरभऱ्याने माना टाकलेल्या दिसताच कौतिकाबाईंनी एक झाड उपटलंच. झाडं सुकवणारी मर लागली की उपटून जाळायचं, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. सून रेवती धावत आली.

"आत्याबाई, थांबा. मर नाही ही. काल मुळांना मरीची लस दिलीय, त्याची कणकण आहे. ही झाडं सावरली की मुळांमुळांतून अख्ख्या वावराला रोगाशी झुंजायला शिकवतील."

"झाडाला कणकण? मग काढा पाज की. अन् नाही सावरली तर?"

"तर यंदाचा हरभरा गेलाच."

कौतिकाबाईंनी उपटलेलं झाड अलगद पुन्हा मातीत रोवलं, बुडाशी ओंजळभर पाणी घातलं आणि तिथंच बसकण मारली.

"तू घरी जा. कालच बाळालाही टोचलंय, ते तापलं असेल. या लेकरांपाशी मी बसते."