गुण कशाचा

लघवीच्या जंतुसंसर्गावरच्या लसीची चाचणी दोन वर्षांनी संपली आणि लस कुणाला टोचली, नुसतं मिठाचं पाणी कुणाला, ती यादी आज उघडली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी शिलाई कारखान्यातल्या मावशींचं नाव शोधलं. वर्षातून पाच-सहा वेळा जळजळीने आणि तापाने बेजार होणाऱ्या मावशी या दोन वर्षांत एकदाही आजारी पडल्या नव्हत्या. यांना लसच मिळाली असणार, अशी बाईंची मनोमन खात्री होती.

नावापुढे लिहिलं होतं, मिठाचं पाणी.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मावशी शेवटच्या तपासणीला आल्या होत्या, समोरच बसल्या होत्या.

"मावशी, तुम्हाला लस टोचलीच नव्हती हो. मग गुण आला तरी कशाने?"

मावशी ओशाळल्या, जणू चूक त्यांचीच. मग त्यांनी पिशवीतून घड्यांवर विरलेला एक कागद काढला. चाचणीच्या सुरुवातीला बाईंनीच सुपरवायझरच्या नावाने घाईघाईत खरडून दिलेली चिठ्ठी होती ती. नमुना कधीही द्यावा लागेल, तरी यांना लागेल तेव्हा लघवीला जाऊ द्यावे.

"त्याआधी जेवणाच्या सुट्टीशिवाय मशीनवरून उठू द्यायचे नाहीत. म्हणून मी पाणीच पीत नव्हते," मावशी म्हणाल्या. "चाचणी संपली तर संपू द्या, पण ही चिठ्ठी बंद करू नका. आमच्या ओळीत अजून अकरा जणी आहेत. त्यांची नावं तेवढी घाला हिच्यात."